हेल्वेलिनवरची कुत्री

स्ट्रायडिंग एजवर चढलो आणि सह्याद्रीत कमावलेला माज दहा मिनिटांत उतरला. धार तशी ओळखीची वाटते: दोन्हीकडे उतार, मध्ये खडकांची पाठ, कुठे कुठे जेमतेम पाऊल मावेल एवढी. पण आपल्याकडे खडकाला हात धरता येतो. इथे जानेवारीत त्यावर काचेसारखा बर्फ असतो आणि उसने आणलेले क्रॅम्पॉन नुसते करकरतात. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या या हेल्वेलिनची उंची ९५० मीटर, म्हणजे कळसूबाईहून कितीतरी कमी. आकड्यावर जाऊ नका.

धारेवर एक लोखंडी पाटी आहे. १८५८ साली कोल्ह्याच्या शिकारीत इथून पडून मेलेल्या रॉबर्ट डिक्सनची. हातमोज्यानं बर्फ पुसून ती वाचली. सोबतचा ऑफिसातला मित्र पुढून ओरडला, "थांबू नकोस, पाय गार पडतील." उजवीकडे खोल खाली रेड टार्न हे तळं गोठून पांढरं झालं होतं. मी आलो होतो ते त्या तळ्यासाठी.

एप्रिल १८०५ मध्ये चार्ल्स गॉफ हा तरुण चित्रकार पॅटरडेलहून हा डोंगर ओलांडून ग्रासमिअरला निघाला. सोबत फक्त त्याची कुत्री, फॉक्सी. २७ जुलैला एका मेंढपाळाला तळ्याजवळ भुंकणं ऐकू आलं. जाऊन पाहतो तर गॉफचा सांगाडा, आणि जवळ फॉक्सी, जिवंत. गॉफ बहुधा याच धारेवरून कोसळला होता.

तीन महिने! त्याच वर्षी वर्ड्‌स्वर्थ आणि वॉल्टर स्कॉट, दोघांनीही तिच्यावर कविता लिहिल्या. १८२९ मध्ये लँडसीअरनं चित्र काढलं. १८९० मध्ये माथ्यावर स्मारकशिळा बसली.

पण कार्लाइलच्या एका वर्तमानपत्रानं १८०५ मध्येच वेगळं छापलं होतं: कुत्री तिथेच व्याली होती आणि मालकाचं मांस खाऊन जगली. ते काम कोल्ह्या-कावळ्यांचं, असं म्हणणारेही होते. कवितांमध्ये व्यालेली कुत्री कुठेच नाही. ती काय खाऊन जगली हे वर्ड्‌स्वर्थनं देवावर सोपवलं, स्कॉटनं तर तिलाच कोल्हे-कावळे हाकलायला लावलं. मला विचाराल तर, या डोंगरांत एप्रिल-मेमध्ये मेंढ्या वितात, मेलेली कोकरं मिळत असणारच. आणि खाल्लं असेल मालकालाही. पोटात पिल्लं असलेली, भुकेली कुत्री होती ती.

लहानपणी रायगडावर वाघ्याच्या पुतळ्यापाशी मी रडलो होतो. त्याचा समकालीन कागदपत्रांत उल्लेख नाही, हे कॉलेजात वाचलं तेव्हा कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं होतं. फॉक्सी तर खरोखर होती. तिच्यातलं जनावर मात्र लोकांना सोसलं नाही.

धारेच्या शेवटी एक अवघड उतरण आहे आणि मग माथ्याचा उभा चढ. तिथे माझा डावा पाय सटकला. हातभरच घसरलो असेन, आइस-अ‍ॅक्स रुतली. मित्रानं मागे वळून पाहिलं, एवढंच. पण त्या एका क्षणात मला कुत्रीपेक्षा गॉफ आठवला. त्याच्या मागे वळून पाहणारं माणूस कुणी नव्हतं. जुलैपर्यंत त्याच्यापाशी कुणी पोचलं नाही, आणि पोचलं तेही भुंकणं ऐकून.

स्मारकशिळेवर बर्फ इतका गोठला होता की एक अक्षर वाचता आलं नाही. मित्राला अंधाराची काळजी, त्यामुळे खरवडतही बसलो नाही. पलीकडच्या स्विरल एजनं उतरलो.

ग्लेनरिडिंगच्या पार्किंगपाशी रेंज आली. साताऱ्यात तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते. ताईचे चार मेसेज होते. शेवटचा एवढाच: "उतरलास का रे?"