कृत्तिकांचे वय

कार्तिक महिना ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या कृत्तिका म्हणजे एकाच मेघातून जन्मलेल्या हजाराहून अधिक ताऱ्यांचा पुंज. पण जन्म केव्हाचा? विसाव्या शतकात बराच काळ याचे उत्तर मोठ्या ताऱ्यांना विचारले जाई. मोठा तारा आपला हायड्रोजन लवकर संपवतो. तेव्हा अजून टिकलेला सर्वांत मोठा तारा पाहून वय काढायचे. ते सात-आठ कोटी वर्षे येई.

दुसरा साक्षीदार मंद ताऱ्यांत सापडला : लिथियम. लहान तारा जन्मानंतर आकसत तापत जातो. गाभ्याचे तापमान सुमारे २५ लाख अंशांवर गेले की लिथियम नष्ट होते. तारा जितका हलका, तितका त्याला उशीर. म्हणून तेजाच्या ज्या पातळीखाली लिथियम अजून शिल्लक दिसते, ती सीमा पुंजाचे वय सांगते.

१९९६ मध्ये बासरी, मार्सी व ग्रॅहम यांनी कृत्तिकांतील ‘पीपीएल १५’ या अतिमंद पिंडात लिथियम आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९९८ मध्ये स्टॉफर व सहकाऱ्यांनी ही सीमा निश्चित करून वय साडेबारा कोटी वर्षे काढले.

मग आधीचा हिशेब कुठे कमी पडला? मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यातील घुसळण भोवतालचा हायड्रोजनही आत ओढते, त्यामुळे तारा अधिक जगतो. ही घुसळण कमी धरली गेली होती.

हा फरक नुसत्या आकड्याचा नाही. तपकिरी बटू वयाबरोबर निवत जातो. त्याच्या तेजावरून वस्तुमान काढायचे, तर वय आधी ठाऊक हवे. वय चुकले, की वस्तुमानही चुकते.