लस सुरक्षा डेटाबेस म्हणजे काय? तो कसा काम करतो? संपूर्ण माहिती

मित्रांनो, "ही लस घेतल्यावर इतक्या लोकांना त्रास झाला, सरकारी वेबसाईटवरच लिहिलंय!" असा स्क्रीनशॉट तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधीतरी आलाच असेल. गंमत म्हणजे त्यातला आकडा अनेकदा खरा असतो, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा असतो. हे असं का होतं ते समजायला आधी तो आकडा जिथून येतो तो डेटाबेस समजून घ्यावा लागेल. चला तर मग, सुरुवातीपासून पाहूया.

लस सुरक्षा डेटाबेस म्हणजे काय?

लस बाजारात येण्याआधी साधारण काही हजार लोकांवर तिची चाचणी होते. एखादा त्रास दहा हजारांत एकालाच होणार असेल तर तो चाचणीत दिसेलच असं नाही. लस लाखो लोकांना मिळू लागली की असे त्रास समोर येतात, पण विखुरलेले. एक केस एका गावातल्या डॉक्टरकडे, दुसरी पाचशे किलोमीटरवर. प्रत्येक डॉक्टरला वाटतं, योगायोग असेल. या सगळ्या नोंदी एकाच ठिकाणी आणि एकाच पद्धतीने जमा करणारी यंत्रणा म्हणजे लस सुरक्षा डेटाबेस.

महत्त्वाचे डेटाबेस कोणते?

१. व्हेअर्स: अमेरिकेत १९९० पासून सुरू. सीडीसी आणि एफडीए या दोन सरकारी संस्था मिळून चालवतात. डॉक्टर, पेशंट, पालक, कोणीही यात नोंद करू शकतं.

२. व्हिजीबेस: थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्माला आली. त्या धक्क्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये १० देशांना घेऊन औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी एकत्र करायला सुरुवात केली. हा डेटाबेस आज स्वीडनमधल्या उप्साला शहरातून चालतो आणि त्यात ३ कोटींहून जास्त नोंदी आहेत.

३. भारतात: लसीकरणानंतरच्या त्रासाची नोंद आरोग्य विभाग सेफव्हॅक या ऑनलाईन प्रणालीत करतो. याशिवाय औषधांच्या दुष्परिणामांसाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याच्या नोंदी व्हिजीबेसमध्येही जातात.

हे काम कसं चालतं?

पहिली पायरी म्हणजे सगळ्यांची भाषा एक करणं. एक डॉक्टर "अंग गरम" लिहील, दुसरा "फिव्हर". मग कॉम्प्युटर मोजणार काय? म्हणून लक्षणांना ठरलेले कोड देतात. व्याख्याही ठरलेल्या असतात. उदाहरणार्थ, ब्रायटन कोलॅबोरेशन या तज्ज्ञांच्या गटाच्या व्याख्येनुसार ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त तापमान मोजलं गेलं तरच तो ताप.

दुसरी पायरी तुलनेची. लस नसती तरी इतक्या लोकांमध्ये हा आजार कितीजणांना झाला असता? नोंदी त्यापेक्षा बऱ्याच जास्त दिसल्या की त्याला "सिग्नल" म्हणतात. सिग्नल मिळाला की तिसरी पायरी, म्हणजे प्रत्यक्ष तपास सुरू होतो.

एक खरं उदाहरण: रोटाशील्ड

रोटाव्हायरसमुळे लहान बाळांना जीवघेणे जुलाब होतात. त्यावरची रोटाशील्ड ही लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झाली. चाचणीत लस घेतलेल्या सुमारे १० हजार बाळांपैकी ५ जणांमध्ये आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात सरकून अडकला होता, शर्टाची बाही आत दुमडली जावी तसा. आकडा इतका लहान होता की कारण लस की योगायोग, हे ठरवता येत नव्हतं.

जुलै १९९९ पर्यंत व्हेअर्समध्ये याच त्रासाच्या १५ नोंदी आल्या. फक्त १५! पण तेवढ्यावर लस देणं थांबवायची शिफारस झाली, स्वतंत्र अभ्यासांत संबंध सिद्ध झाला आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने लस मागे घेतली.

पुढच्या दोन रोटा लसींच्या चाचण्या प्रत्येकी ६० हजारांहून जास्त बाळांवर झाल्या, त्या याच धड्यामुळे. भारतात बनलेल्या रोटाव्हॅकच्या चाचणीतही या त्रासावर मुद्दाम नजर ठेवली होती. त्या चाचणीचं एक केंद्र आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरकडे होतं.

मग स्क्रीनशॉटमध्ये चूक काय?

व्हेअर्समध्ये नोंद झाली म्हणजे त्रास लसीमुळेच झाला, असं नाही. लसीनंतर काय घडलं एवढंच तिथे लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने "फ्लूच्या लसीमुळे मी हल्क झालो" अशी नोंद टाकून पाहिली, तर तीसुद्धा स्वीकारली गेली होती! माझ्या मते हा दरवाजा उघडा आहे तेच बरं. गाळणी दारातच लावली असती तर त्या १५ नोंदीही कदाचित आत आल्या नसत्या. मात्र नोंदींचा नुसता आकडा म्हणजे निकाल नव्हे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं.

संशोधनासाठी याचा काय उपयोग?

माहिती वाटून घेतल्याने नवी लसही लवकर बनते. ११ जानेवारी २०२० ला कोरोना विषाणूची जनुकीय माहिती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली झाली. १६ मार्चला, म्हणजे ६५ दिवसांत, मॉडर्नाच्या लसीचा चाचणीतला पहिला डोस दिला गेला.

आपली माहिती सुरक्षित राहते का?

प्रश्न योग्य आहे. यावर एक चांगला उपाय अमेरिकेच्या व्हॅक्सिन सेफ्टी डेटालिंकमध्ये दिसतो. तिथे पेशंटचे रेकॉर्ड त्या-त्या आरोग्य संस्थेकडेच राहतात. संशोधक आपला प्रोग्राम तिकडे पाठवतात आणि अभ्यासाला लागेल तेवढीच माहिती, नाव-पत्ता काढून, बाहेर येते.

तुम्ही काय करू शकता?

१. लसीचं नाव, तारीख आणि बॅच नंबर यांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. माझ्या भाचीच्या कार्डावर तारखा सगळ्या होत्या, बॅच नंबर कुठेच नव्हता. आता मी दर वेळी नर्सताईंना विचारून कुपीचा फोटो घेतो. दोष एखाद्याच बॅचमध्ये असेल तर तो याच नंबरावरून सापडतो.

२. त्रास गंभीर वाटला तर आधी हॉस्पिटल गाठा, नोंद नंतर.

३. आशाताई, एएनएम किंवा डॉक्टरांना त्रास केव्हा सुरू झाला ते वेळेसह सांगा आणि नोंद करायला सांगा. १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय टोल-फ्री नंबरवरही कळवता येतं.

४. ग्रुपवर असा आकडा आला तर दोनच प्रश्न विचारा: एकूण किती लोकांना लस दिली? आणि लस नसती तर किती जणांना हे झालं असतं?

तर मित्रांनो, त्रास झाला तर तो ग्रुपवर फॉरवर्ड करण्याआधी नोंदवा. ग्रुपवरचा मेसेज दोन दिवसांत खाली जातो. डेटाबेसमधली नोंद तुम्ही कधी पाहिलेलंही नाही अशा एखाद्या बाळाच्या कामी येऊ शकते.