तीन सुलोचना आणि माझं एक फसलेलं विधान

माझा विषय सांगितला की कोल्हापुरात ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं. "सुलोचनाबाई म्हणजे आई की! त्यात आणि संशोधन कसलं?" पहिले काही महिने मलाही तसंच वाटत होतं. नटीची कारकीर्द म्हणजे काय, चित्रपटांची यादी करायची, सालवार लावायची, पुरस्कार मांडायचे, झालं प्रकरण. तुमच्यापैकी जे आता सिनॉप्सिस लिहायला बसणार आहेत त्यांच्यासाठी ही यादी माझ्यावर कशी उलटली ते सांगते.

पहिली ठेच नावाची. सुलोचना लाटकर यांचा जन्म ३० जुलै १९२८ चा, निपाणीजवळच्या खडकलाटचा. गाव तेव्हा मुंबई इलाख्यातल्या बेळगाव जिल्ह्यात होतं, आज कर्नाटकात आहे. 'सुलोचना' हे नाव त्यांना भालजी पेंढारकरांनी दिलं. पण पडद्यावर त्याआधीच एक सुलोचना होऊन गेली होती : रूबी मायर्स, पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू मुलगी, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून मूकपटांची सगळ्यात मोठी तारका झालेली. तिसऱ्या सुलोचना चव्हाण, लावणीसम्राज्ञी. त्यांचा घोटाळा फारसा होत नाही, कारण त्यांचं नाव गायिकांच्या रकान्यात सापडतं. रूबी मायर्स मात्र उतारवयात चरित्र भूमिका करायला लागल्या आणि गोंधळ तिथं झाला.

१९५३ च्या 'अनारकली'त सलीमची आई कोण? श्रेयनामावलीत 'सुलोचना'. मी बिनधास्त लाटकरांच्या खात्यावर टाकली आणि वर टीपही लिहिली, "हिंदीतील आईची सुरुवात १९५३ पासून". गाईडनी मसुदा परत दिला तेव्हा त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती, बाकी काही नाही. घरी येऊन चित्रपट लावला. त्या रूबी मायर्स होत्या. १९५३ साली लाटकर पंचविशीच्या आणि मराठीत नायिका होत्या, एवढं साधं गणित मी केलं नव्हतं. एका ऑनलाइन यादीत दोघींचे चित्रपट सरळ एकत्र केलेले आहेत आणि मी ती यादी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. तेव्हापासून माझ्या वहीत एक जादा रकाना आहे : 'स्वतः पाहिला का?' तो बराच रिकामा आहे, पण निदान दिसतो तरी.

दुसरी भानगड आकड्यांची. ४ जून २०२३ ला त्या गेल्या, तेव्हाचे मृत्युलेख काढून बघा. कुठे अडीचशे हिंदी आणि पन्नास मराठी चित्रपट, तर कुठे अडीचशे मराठी आणि दीडशे हिंदी. एवढा गोल आकडा दिसला की समजायचं, कुणीतरी कधीतरी अंदाजाने सांगितलेला आहे आणि बाकीच्यांनी तो उचललाय. शिवाय चित्रपट मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं? भालजींचा 'मीठभाकर' घ्या. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जळला, त्यात या चित्रपटाची निगेटिव्हही गेली. भालजींनी तो पुन्हा चित्रित केला आणि १९४९ मध्ये पडद्यावर आणला. यादीत ती एकच ओळ असते. त्या ओळीमागचं काम दुप्पट आहे, आणि एका स्टुडिओची राखही आहे.

आता मुख्य गोष्ट. माझं गृहीतक असं होतं की मराठीतल्या नायिकेला हिंदी सिनेमाने अकाली 'आई' करून टाकलं. पुरावाही झकास मिळाला. १९५९ मध्ये 'सुजाता' आला तेव्हा त्या तिशीत होत्या. त्यात त्यांची मुलगी झालेली शशिकला (आपल्या सोलापूरची) त्यांच्याहून फक्त चार वर्षांनी लहान. त्याच वर्षी 'दिल देके देखो'मध्ये मुलगा शम्मी कपूर, तीन वर्षांनी लहान. आणि १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये तर कहरच. देव आनंद आणि प्राण, दोन्ही मुलगे आईपेक्षा वयाने मोठे! मी हा तक्ता एका चर्चासत्रात दाखवला, लोक हसले, मलाही बरं वाटलं.

मग मागे बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, "मग 'वहिनीच्या बांगड्या'चं काय करायचं, बाई?"

ते बरोबर होते. य. गो. जोशींच्या कथेवरचा तो चित्रपट १९५३ चा, दिग्दर्शक शांताराम आठवले. सुलोचनाबाई त्यात नायिका आहेत, पण कशी नायिका? दिराला पोटच्या पोरासारखं वाढवणारी वहिनी. म्हणजे मुंबईने हाक मारायच्या सहा वर्षं आधीच मराठी प्रेक्षकाने त्यांना आईच्या जागी बसवून टाकलं होतं. हिंदीने केलं काय, तर तयार झालेली प्रतिमा उचलली. माझं विधान तिथंच बसलं. दोन दिवस वही उघडली नाही.

पण त्या प्रश्नामुळेच मराठी रकाना नीट वाचायला घेतला. 'मोलकरीण' (१९६३) : स्वतःच्या मुलाच्या घरी मोलकरीण होऊन राबणारी आई. 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) : भालजींच्या चित्रपटातली जिजाऊ. 'एकटी' (१९६८) : राजा ठाकूरांचा चित्रपट, नावातच ती. या चित्रपटांमध्ये आई काय करते, काय ठरवते, काय सोसते यावर सगळा चित्रपट उभा आहे. हिंदीत त्याच वर्षांत त्याच बाई मुलाची वाट बघतात, त्याला आशीर्वाद देतात आणि गोष्ट मुलाबरोबर घराबाहेर निघून जाते. म्हणजे भूमिका दोन्हीकडे आईचीच आणि नटीही तीच, फक्त चित्रपट कुणाचा आहे ते बदलतं. "अकाली आई केलं" या विधानापेक्षा हा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि यादीत तो कुठंच दिसत नाही, कारण यादीत दोन्हीकडे एकच शब्द असतो : आई.

पद्मश्री १९९९ मध्ये, फिल्मफेअरचा जीवनगौरव २००४ मध्ये, महाराष्ट्र भूषण २००९ मध्ये. पुरस्कारांबद्दल माझ्याकडे याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सध्या प्रत्येक चित्रपटात आईच्या वाट्याला किती प्रसंग येतात ते मोजतेय. काम कंटाळवाणं आहे. घड्याळ, वही, आणि पुन्हा मागे घ्यायचं. 'मोलकरीण' झाला, उद्या 'सुजाता'. पेन्सिलीची रेघ असलेला तो कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.