थर, सीमा आणि दुभाषी : संगणकप्रणालीच्या रचनेचा एक इतिहास



मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी संगणकप्रणालीच्या रचनेचा इतिहास निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. प्रणालीचे थर वेगळे ठेवणे आणि एका थरातील आशय दुसऱ्या थरात नेणे हे मुळात भाषांतराचेच काम आहे. भाषांतरात काय हरवते आणि काय नको असता बाहेर पडते, हा भाषेच्या अभ्यासकाचा जुना प्रश्न आहे. या नव्या क्षेत्रात तो कसा उभा राहिला आणि त्याची कोणती उत्तरे शोधली गेली, एवढेच आज मांडावयाचे आहे.

विषयाची ओळख

वेब एपीआय म्हणजे एका आज्ञावलीने दुसऱ्या आज्ञावलीसाठी उघडलेले दार. पालक आपल्या मोबाइलवरून पाल्याचे गुणपत्रक मागतो. ती मागणी शाळेच्या सर्व्हरपर्यंत जाते आणि उत्तर परत येते. या प्रवासात आत तीन प्रकारची कामे घडतात. पहिले दारावरचे : मागणी घ्यावयाची, मागणाऱ्याची ओळख पटवावयाची, उत्तर ठरलेल्या रूपात द्यावयाचे. दुसरे नियमांचे : उत्तीर्ण कोणास म्हणावे, कृपागुण किती द्यावेत. तिसरे साठ्याचे : माहिती तक्त्यांत ठेवावयाची आणि तेथून काढावयाची. ही तिन्ही कामे एकाच आज्ञावलीत कालवून लिहिता येतात, आणि सुरुवातीला तसे लिहिणे सोपेही जाते. कृपागुणांचा नियम बदलला म्हणजे अडचण उभी राहते. तो नियम पडद्याच्या मांडणीत कोठे शिरला आहे, तक्त्याच्या वाचनात कोठे दडला आहे, याचा शोध घेत बसावे लागते, आणि एखादी जागा हटकून राहून जाते. तिन्ही कामांचे थर वेगळे करण्यामागे हा अनुभव आहे.

थरांचा उगम

या विचाराच्या इतिहासात १९६८ हे वर्ष महत्त्वाचे मानावे लागते. त्या वर्षीच्या मे महिन्यात एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने आइंडहोव्हेन येथील तांत्रिक विद्यापीठात सिद्ध केलेल्या संगणकप्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. ती प्रणाली एकावर एक अशा थरांनी रचलेली होती. सर्वांत खाली प्रक्रियकाचा वेळ वाटून देणारा थर, त्यावर स्मृतीची व्यवस्था पाहणारा, त्यावर चालकाशी होणारा संवाद सांभाळणारा, अशी चढती मांडणी होती. चौथ्या पातळीवर वापरणाऱ्यांच्या आज्ञावल्या होत्या आणि पाचव्या पातळीवर डाइक्स्ट्राने खुद्द चालकाला, म्हणजे माणसाला, बसविले होते. या मांडणीचा लाभ तपासणीत दिसला. खालचा थर तपासून निर्दोष ठरला की वरचा थर त्याच्या भरवशावर तपासता येई. सगळ्या गुंत्याला एकदम भिडावे लागत नसे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बव्हेरियातील गार्मिश येथे नाटोच्या पुरस्काराने एक परिषद भरली. मोठ्या आज्ञावल्या वेळेवर पूर्ण होत नाहीत, झाल्या तर भरवशाच्या ठरत नाहीत, या चिंतेने ती परिषद झाकोळलेली होती. थरांची कल्पना रुजली ती अशा काळात.

दोन वर्षांनी, १९७० साली, आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी माहितीसाठ्याविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. माहिती यंत्रात कशी रचून ठेवली आहे, हे ती वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. त्यांनी माहिती तक्त्यांच्या रूपाने पाहिली. साठवणीची रीत उद्या बदलली तरी वापरणाऱ्याची आज्ञावली मोडू नये, असा त्यामागचा हेतू होता.

परंतु थर पाडावयाचे ते नेमके कोठे? या प्रश्नाचे मार्मिक उत्तर डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली दिले. त्यांनी घेतलेले उदाहरण आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या जवळचे आहे. ओळींची एक यादी घ्यावयाची, प्रत्येक ओळीतील प्रत्येक शब्द आळीपाळीने आरंभी आणावयाचा आणि अशा सर्व ओळी अकारविल्हे लावावयाच्या; थोडक्यात, शब्दानुक्रमणी तयार करावयाची. हे काम त्यांनी दोन प्रकारे विभागून दाखविले. पहिल्या प्रकारात कामाच्या क्रमानुसार भाग पाडले : वाचन, फिरवणी, क्रमवारी, छपाई. दुसऱ्या प्रकारात मात्र उद्या बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवला. ओळी स्मृतीत कशा साठवावयाच्या हे बदलले, तर पहिल्या रचनेतील जवळजवळ सर्वच भागांना हात लावावा लागे. दुसऱ्या रचनेत तो बदल एका भागापुरता राही. सीमा आखावयाची ती बदलाची शक्यता पाहून, हा पार्नास यांचा धडा. केवळ रूढी म्हणून तीन किंवा पाच थर पाडणाऱ्याने तो पुनःपुन्हा आठवावा असा आहे.

वस्तू आणि तक्ते

याच सुमारास दुसरा एक प्रवाह नॉर्वेतून निघाला. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला ही भाषा घडविली. तिच्या १९६७ च्या रूपात वस्तू आणि वर्ग या कल्पना स्पष्टपणे आल्या. वस्तू म्हणजे माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया यांचा एकत्र संसार. याच परंपरेत वाढलेले नॉर्वेजियन शास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ च्या सुमारास अमेरिकेतील झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात आशय, दर्शन आणि नियंत्रण वेगळे ठेवण्याची रीत मांडली. आजच्या अनेक वेब प्रणालींतील दारावरचा थर त्याच रीतीचे नाव चालवितो.

आज्ञावली वस्तूंत विचार करू लागली, माहिती मात्र कॉड यांच्या तक्त्यांतच राहिली. त्यामुळे दोहोंच्या मध्ये दुभाषी बसविणे आले. राज्यव्यवहारकोशाच्या काळात मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबीराचा सुमंत झाला. एका पदाला एक पद मिळाले. वस्तू आणि तक्ते यांचे गणित इतके सरळ जुळत नाही. विद्यार्थी ही वस्तू आपल्या विषयांची यादी स्वतःजवळ बाळगते. तक्त्यात मात्र विषय दुसरीकडे, गुण तिसरीकडे, आणि मधला दुवा एखाद्या क्रमांकाचा. एका वर्गाने दुसऱ्याचे गुणधर्म वारशाने घ्यावेत ही वस्तूंच्या जगातील रूढ गोष्ट. साध्या तक्त्याला ती सहजासहजी सांगता येत नाही. हा सांधा जुळविण्यासाठी खास साधने निर्माण झाली. २००१ साली गॅव्हिन किंग यांनी सुरू केलेले हायबरनेट हे त्यांपैकी फार वापरले गेलेले साधन होय.

२००२ साली मार्टिन फाउलर यांनी आपल्या ग्रंथात दर्शन, व्यवहाराचे नियम आणि माहितीचा उगम हे तीन प्रमुख थर सांगितले, आणि मधल्या दुभाष्यांना नावे देऊन त्यांचे प्रकार लावले. त्यांतील एक म्हणजे केवळ वाहतुकीसाठी घडविलेली वस्तू. दूरच्या यंत्राला दहा वेळा विचारण्याऐवजी हवी ती सर्व माहिती एका गाठोड्यात बांधून एकदाच पाठवावी, हा तिचा मूळ हेतू. त्याआधी २००० साली रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील प्रबंधात वेबच्या रचनेचे नियम सूत्रबद्ध केले होते; थरयुक्त रचना हा त्यांतील एक नियम. हे दोन विचार एकत्र आले आणि वाहतुकीच्या गाठोड्याला दुसरे, अधिक मोलाचे काम मिळाले : आत काय आहे आणि बाहेर काय जावे, यांतील सीमा राखण्याचे.

दुभाष्याची जबाबदारी

या सीमेचे मोल शाळेच्याच उदाहरणाने सांगतो. विद्यार्थ्याच्या नोंदीत नाव आणि गुण असतात, तशीच फी माफ झाल्याची नोंदही असते. तक्त्यातील ओळ जशीच्या तशी बाहेर पाठविली, तर ज्याची फी माफ झाली त्याची परिस्थिती साऱ्या वर्गाला कळते. बाहेर जाणारे रूप वेगळे असेल आणि त्यात कोणती माहिती घालावयाची हे कोणी विचारपूर्वक लिहिले असेल, तर त्या मुलाची लाज राखली जाते.

हे लिहिण्याचा कंटाळा येतो, हेही मान्य केले पाहिजे. तीच पाच मूल्ये एका रूपातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरवीत राहणे म्हणजे कारकुनीच. म्हणून नावे जुळताच मूल्ये आपोआप उचलणारी साधने निघाली. डॉटनेटच्या जगातील ऑटोमॅपर त्यांपैकी एक. साधन उपयुक्त आहे, पण नाव जुळले म्हणून अर्थ जुळतोच असे नाही. आतल्या वस्तूत ‘गुण’ म्हणजे कृपागुणांवाचूनचे आणि बाहेरच्या रूपात ‘गुण’ म्हणजे कृपागुणांसह, असे असेल तर यंत्र मुकाट्याने चुकीचे उत्तर देईल.

आत येणाऱ्या माहितीचीही हीच कथा. मार्च २०१२ मध्ये गिटहब या प्रसिद्ध संकेतस्थळावर एका रशियन तरुणाने हे उघड करून दाखविले. बाहेरून आलेली मूल्ये न निवडता थेट वस्तूत भरली जात होती. त्याने त्यांत एक जादा मूल्य घातले आणि रेल्स या प्रकल्पात लेखनाचा अधिकार मिळविला. गिटहबने दोष तातडीने दूर केला. रेल्सच्या २०१३ मधील चौथ्या आवृत्तीत, कोणती मूल्ये स्वीकारावयाची हे स्पष्ट लिहिण्याची पद्धत रूढ झाली. दुभाष्याने जे ऐकले ते सारेच आत पोहोचवावयाचे नसते, हे जगाला असे कळले.

आपल्या लिपीचा धडा

हा सर्व इतिहास परदेशी वाटेल, पण त्याचा एक अध्याय आपल्या घरचा आहे. १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणीसाठी वापरलेल्या अनेक फाँटांत साठवणीचा संकेत थेट अक्षराच्या चित्राला बांधलेला होता. साठा आणि दर्शन हे दोन थर एक झाले होते. फाँट नाहीसा झाला की मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होई. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आय.एस. १३१९४ या मानकाने, आणि त्याच वर्षी युनिकोडने आपल्या पहिल्या आवृत्तीत, वेगळा मार्ग घेतला : अक्षर साठवावयाचे, चित्र काढण्याचे काम दर्शनाच्या थरावर सोपवावयाचे. म्हणूनच ‘कि’ मधील वेलांटी पडद्यावर आधी दिसली तरी साठ्यात ती ‘क’ नंतर असते.

जुना मजकूर नव्या रूपात आणताना पुन्हा दुभाषी लागतो. त्याच्या कोष्टकात वेलांट्या जागेवर न्याव्या लागतात, रफार आधी आणावा लागतो. आणि त्याने ‘र्य’ व ‘ऱ्य’ यांना एकाच खान्यात टाकले, तर ‘आचाऱ्यास बोलावले’ आणि ‘आचार्यास बोलावले’ यांत भेद उरत नाही. स्वयंपाकघरातला माणूस आणि वर्गातला माणूस एकच होतो. यंत्राला हा दोष दिसणार नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. तो मराठी जाणणाऱ्यालाच दिसेल.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांना याचे गांभीर्य अधिक. त्यांच्या त्या दशकातील स्मरणिका आणि वार्षिक अहवाल हाच पुष्कळदा त्यांच्या इतिहासाचा लेखी आधार. म्हणून संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. जुन्या फाइली मूळ रूपात जपून ठेवा, रूपांतर त्यांच्या प्रतीवर करा. रूपांतराचे कोष्टक हाताने, एकेक खाना पाहून लिहा, आणि त्यातून निघालेली पाने मराठीच्या शिक्षकाकडून मोठ्याने वाचून घ्या. प्रणाली रचताना मोजके थर ठेवा. छोट्या कामाला मोठा डोलारा नको. मात्र जेथे सीमा आखाल, तेथे काय पलीकडे जाईल आणि काय जाणार नाही, हे तुमच्या हाताने लिहिलेले असू द्या.