न्हाणीघरातील बुरशी : भिंतींचा एक इतिहास

पावसाळा लागला की गोमंतकातील अनेक घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यांत आणि छतावर काळे ठिपके उमटतात. ते घासून काढावे, तो आठवड्याने पुन्हा हजर! दोष अर्थातच पावसाला दिला जातो. परंतु पणजीस वर्षाकाठी पडणारा सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस काही आजचा नव्हे. मग बदलले काय? आमच्या मते बदलल्या त्या भिंती.

जुन्या घरांत न्हाणी बहुधा मागील दारी असे. भिंती जांभ्या दगडाच्या. याच दगडास फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील प्रवासानंतर १८०७ साली आपल्या ग्रंथात ‘लॅटराइट’ असे नाव दिले. हा दगड सच्छिद्र, आणि त्यावरील चुन्याचा गिलावाही ओलावा शोषून पुन्हा हवेत सोडणारा. चुलीवर तांब्याचे भाण असे. त्या विस्तवाने भिंती रोज सुकत, आणि धुराबरोबर वाफही कौलांच्या फटींतून निघून जाई. सणापूर्वी चुन्याची सफेदी होई. ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारतेपुढे बुरशीस मूळ धरणे कठीण. पण हवेतील कर्बवायू शोषून चुन्याची हळूहळू चुनखडी होते व हा गुण ओसरतो. तेव्हा दरसालची सफेदी ही केवळ शोभा नव्हती.

१८२४ साली इंग्लंडात जोसेफ ऍस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकात ते सिमेंट आमच्याही घरांत शिरले. न्हाणी घराच्या पोटात आली, भाणाच्या जागी विजेचा बंब आला, भिंतींवर गुळगुळीत फरशी आणि वर तैलरंग चढला. सोय वाढली हे निर्विवाद. पण चूल गेली आणि वाफेची वाट बुजली.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. साबणाचा मळ हे त्यांचे अन्न, आणि ओल हा त्यांचा प्राण. बीजाणू हद्दपार करता येत नाहीत. ओल मात्र करता येते. हा प्रश्न केवळ डागांचा नव्हे. ओल व बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांस श्वसनविकार आणि दमा यांचा धोका अधिक असतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली दिला आहे.

ब्लीचिंग पावडर डाग घालवते. चार्ल्स टेनंट याने १७९९ साली चुन्यावर क्लोरिन वायू सोडूनच ती सिद्ध केली. पण फरशी धुण्याच्या ऍसिडात ती कदापि मिसळू नये. तोच वायू मोकळा होतो, जो १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांचा काळ ठरला. शिवाय डाग गेला तरी ओल राहतेच. म्हणून गळका नळ आधी दुरुस्त करावा, स्नानानंतर भिंती कोरड्या फडक्याने पुसाव्या आणि खिडकी उघडावी. पावसाळ्यात बाहेरची हवाही दमट असते. तेव्हा वाफ बाहेर फेकणारा पंखा बसविणे उत्तम.

देवपूजेपूर्वी स्नान करून आपण शुचिर्भूत होतो. ज्या जागी ही शुचिता लाभते, त्या जागेची निगा राखणे हाही आचारधर्मच होय. पूर्वी हे काम चूल आणि चुना करीत. आता ते आपल्या हातांनी करावयाचे आहे.