लिमिटेड स्लिप डिफरन्शियल: जुन्या दमदार गाड्यांची दोन्ही मागची चाके जोर कशी लावतात?

गाडीचे एक चाक चिखलात गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे ढिम्म हलत नाही. हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. ट्रॅक्टर चालवणारा अशा वेळी डिफ लॉक लावतो आणि बाहेर पडतो. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हेच काम काही प्रमाणात आपोआप करणारा भाग म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, थोडक्यात एलएसडी.

साध्या डिफरन्शियलची अडचण

वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. त्यासाठी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यावे लागते आणि डिफरन्शियल ते करते. मात्र साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच टॉर्क देते. चिखलातले चाक 50 न्यूटन-मीटरच पेलत असेल, तर पकड असलेल्या चाकालाही 50 च मिळतात. इंजिन कितीही ताकदीचे असो, जोर एकूण 100 च्या आसपासच. वेगात वळताना आतल्या चाकावरचा भार कमी होतो, तेव्हाही हेच घडते.

1930 च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांना ही अडचण आली. फर्डिनांड पोर्श यांनी झेडएफ कंपनीकडून त्यावर उपाय करून घेतला. अमेरिकेत 1956 मध्ये पॅकार्डने असे डिफरन्शियल दिले. पुढे शेवरोलेचे 'पॉझिट्रॅक्शन', क्रायस्लरचे 'शुअर-ग्रिप' ही नावे गाजली.

तीन मुख्य प्रकार

क्लच प्लेटवाले: साइड गिअरच्या मागे प्लेटांची चळत असते. एक प्लेट गिअरला, पुढची बाहेरच्या केसला अडकवलेली. स्प्रिंगचा थोडा दाब कायम असतो. अॅक्सिलरेटर दिला की गिअर बाहेर ढकलले जातात आणि प्लेटा आणखी आवळतात. जास्त वेगाने फिरणाऱ्या चाकाला लगाम बसतो, जोर दुसरीकडे जातो. बीएमडब्ल्यू ई30 एम3 मध्ये हाच प्रकार होता.

व्हिस्कस: प्लेटा एकमेकींना टेकत नाहीत, मधे घट्ट सिलिकॉन द्रव असतो. चाकांच्या गतीत फरक पडला की तो विरोध करतो. चालायला मऊ, पण चाक घसरू लागल्यावरच जागा होतो.

टॉर्सन: यात वर्म गिअरच एकमेकांवर घासून टॉर्कची वाटणी बदलतात. प्लेटा नसल्याने झीज कमी. मात्र कमी पकडीच्या चाकाला जेवढा टॉर्क पेलतो, त्याच्या काही पटच दुसऱ्याला मिळतो. चाक पूर्ण हवेत गेले, तर शून्याची पट शून्यच.

माझदा एमएक्स-5 मध्ये सुरुवातीला व्हिस्कस आणि 1994 च्या 1.8 लिटर मॉडेलपासून टॉर्सन आले. म्हणून जुनी गाडी घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नये. आत कोणता प्रकार आहे, हे नीट पाहून घ्यावे.

जुन्या गाडीत काय तपासावे?

प्लेटवाल्या डिफरन्शियलची सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना ओट लावलेला आणि मागची दोन्ही चाके भक्कम स्टँडवर उचललेली. एक चाक हाताने फिरवावे. दुसरे त्याच दिशेने फिरले तर प्लेटांवर दाब शिल्लक आहे. सहज उलट फिरले तर प्लेटा झिजल्या असाव्यात, किंवा आत साधेच डिफरन्शियल असावे.

हळू, तीव्र वळणावर मागून कटकट आवाज किंवा हादरे आले तर आधी तेल पाहावे. प्लेटवाल्यांना एलएसडीसाठीचे खास तेल लागते. मागच्या दोन्ही टायरचा आकार आणि झीज सारखी हवी. नाहीतर सरळ रस्त्यावरही प्लेटा घासत राहतात.

ही चूक महागात पडते

साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक जॅकवर असताना गिअर टाकला, तर बहुधा तेच चाक फिरते. एलएसडी असेल तर जमिनीवरचे चाकही जोर लावते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. खाली माणूस असेल तर जिवावर बेतते. त्यामुळे एकच चाक उचललेले असताना इंजिन सुरू करून गिअर टाकू नये.

ओल्या रस्त्यावरही भान हवे. साध्या गाडीत एक चाक घसरते, तेव्हा दुसरे मागचा भाग सांभाळते. एलएसडीत दोन्ही चाके एकदम सुटू शकतात आणि गाडीची शेपटी बाहेर जाते. एलएसडी आहे ती पकड वापरते, नवी पकड निर्माण करत नाही.