काळ्या ऑइलची कुळकथा

गाडीचं ऑइल स्वतः बदलणारा माणूस पैसे वाचवण्यासाठी ते करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रोजच्या वापरातल्या साध्या गाडीपुरती ती बऱ्याच अंशी खरीही आहे. पण ज्याच्या दारात पोर्शसारखी महागडी स्पोर्ट्स कार उभी आहे असा मालकही जेव्हा पाना घेऊन गाडीखाली शिरतो, तेव्हा काटकसरीचं उत्तर पुरत नाही. अमेरिकेत आणि युरोपात जुन्या स्पोर्ट्स गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये ही रीत चांगलीच रुजलेली आहे. गाडीची इतर अवघड कामं मेकॅनिककडे सोपवणारे लोकही ऑइल मात्र स्वतःच्या हातानं बदलतात. या रीतीचं कुळ शोधत मागं गेलं, तर ते खर्चाच्या हिशेबापाशी जात नाही, तपासणीपाशी जाऊन थांबतं, असं माझं म्हणणं आहे. इंजिन न उघडता त्याच्या पोटात काय चाललंय हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल, अशी ही जवळजवळ एकमेव वेळ. ही रीत टिकावी की मोडीत निघावी, याचा निवाडाही याच निकषावर व्हायला हवा.

सुरुवातीच्या कित्येक इंजिनांत ऑइल बदलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते उरतच नसे. थेंबाथेंबानं सोडलेलं ऑइल बेअरिंगमधून फिरून काही जळून जाई, काही रस्त्यावर गळे. तेच ऑइल इंजिनाच्या तळाशी साठवून पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत रुळली, तेव्हा ते मळण्याचा आणि म्हणून काढून टाकण्याचा प्रश्न उभा राहिला. 1908 ते 1927 या काळात दीड कोटींवर बनलेली फोर्डची मॉडेल टी हे त्याचं उत्तम उदाहरण. तिला ऑइलचा पंप नव्हता, फिल्टर नव्हता, ऑइल मोजायची दांडीसुद्धा नव्हती. फिरतं फ्लायव्हील ऑइल उडवी आणि तेच इंजिनभर पोचे. पातळी पाहायची तर गाडीखाली वाकून फ्लायव्हीलच्या घरावरच्या दोन तोट्या उघडायच्या. वरच्या तोटीतून ऑइल आलं तर ते जास्त झालं, खालच्या तोटीतूनही आलं नाही तर धोका. सुमारे हजार मैलांनी जुनं ऑइल सोडायचं, इंजिनात केरोसीन ओतून ते हातानं फिरवायचं आणि आतला गाळ धुऊन काढायचा, अशी सूचना कंपनीच मालकाला देत असे. मालक बहुधा शेतकरी, गॅरेज लांब. तेव्हा ऑइल बदलणं हा छंद नव्हता, गाडी बाळगण्याच्या कर्तव्याचा भाग होता. आणि त्या कर्तव्यात पाहणं आधी होतं, ओतणं नंतर.

ऑइल मळतं म्हणजे काय होतं? पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून न जळलेलं पेट्रोल, काजळी आणि जळणातून तयार झालेली वाफ खाली उतरते. इंजिन थंड असताना त्या वाफेचं पाणी होतं, पाण्याबरोबर आम्ल तयार होतं आणि या सगळ्याचा मिळून चिकट गाळ बनतो. त्या काळच्या ऑइलमध्ये हे सगळं पचवणारी रसायनं नव्हती. अर्नेस्ट स्वीटलँड यांचा प्युरोलेटर फिल्टर 1923 मध्ये आला, पण सुरुवातीचे असे फिल्टर सगळं ऑइल गाळत नसत. थोडा प्रवाह बाजूला वळवून तेवढाच गाळत. 1930 च्या दशकात गाळ धरून ठेवणारी डिटर्जंट ऑइल आली, पाठोपाठ झीज रोखणारी जस्ताची संयुगं आली. पण मालकाच्या दृष्टीनं याहून मोठी घटना 1911 ची, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. त्या वर्षी अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनं ऑइलच्या दाटपणाचं वर्गीकरण ठरवलं. आज डब्यावर 20डब्ल्यू-50 असे आकडे दिसतात, त्यांचं मूळ तिथं आहे. त्याआधी दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं लागे. आकडा आला आणि मालकाला कुठल्याही दुकानातून, कुठल्याही कंपनीचं, आपल्या इंजिनाला चालणारं ऑइल स्वतः निवडता येऊ लागलं. मालकाच्या हाताला खरं बळ या आकड्यानं दिलं.

स्पोर्ट्स कारचा मार्ग मात्र शर्यतीच्या मैदानातून आला. शर्यतीच्या इंजिनांत बराच काळ एरंडेल वापरलं जाई, आणि त्या एरंडेलाचं बी पिकवणाऱ्या देशांत भारत तेव्हाही प्रमुख होता आणि आजही आहे. एरंडेल प्रचंड उष्णतेतही धातूला धरून राहतं, पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. पण ते तसंच इंजिनात राहू दिलं तर त्याचा डिंकासारखा थर बसतो. म्हणून शर्यत संपली की ते काढायचं, आणि काढताना त्यात धातूचा कण दिसतो का हे पाहायचं, ही मेकॅनिकची शिस्त झाली. पुढच्या शर्यतीत इंजिन टिकेल की नाही, हे त्या काढलेल्या ऑइलवरून ठरे. शर्यतीची गाडी आणि रस्त्यावरची स्पोर्ट्स कार यांच्यात तेव्हा आजच्याइतकं अंतर नव्हतं. कित्येक हौशी मालक शनिवारी त्याच गाडीनं मैदानावर जात आणि सोमवारी कामावर. मैदानावरची शिस्त घरच्या गॅरेजात आली ती या लोकांबरोबर.

या घराण्याचा सर्वांत ठसठशीत वारस म्हणजे 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेली पोर्श 911. साध्या गाडीत ऑइल इंजिनाखालच्या सम्पमध्ये, आपले मेकॅनिक ज्याला चेंबर म्हणतात त्यात, साठलेलं असतं. वेगानं वळण घेताना कडेवरच्या हंड्यातलं पाणी हिंदकळावं तसं ते एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि क्षणभर बेअरिंग कोरडी पडतात. तो क्षणही महाग पडतो. म्हणून 911 मध्ये शर्यतीच्या गाड्यांसारखा ड्राय सम्प दिला गेला. एक पंप इंजिनाच्या तळातलं ऑइल उपसून वेगळ्या टाकीत टाकतो, दुसरा त्या टाकीतलं ऑइल दाबानं इंजिनात पाठवतो. शिवाय हे इंजिन हवेवर थंड होणारं, त्याला रेडिएटरचं पाणी नाही, त्यामुळे उष्णता वाहून नेण्याचं मोठं काम ऑइलच करतं. साध्या गाडीला तीन-चार लिटर ऑइल पुरतं, इथं दहाच्या आसपास लागतं. या गाडीत ऑइलला एवढं महत्त्व होतं की 1972 च्या मॉडेलला टाकी मागच्या उजव्या चाकाच्या पुढं आणून तिच्यासाठी बाहेरून उघडणारं वेगळं झाकण दिलं होतं. पेट्रोल पंपावरची मुलं त्यात पेट्रोल ओतू लागली म्हणून ते काढून टाकलं, असं सांगतात. कारण काहीही असो, पुढच्याच वर्षी ते झाकण गेलं.

या गाडीचं ऑइल बदलताना काय काय दिसतं ते जरा जवळून पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा तिथंच आहे. इंजिन चांगलं तापवून घ्यायचं, म्हणजे तळाचा मळ ऑइलबरोबर बाहेर येतो. ड्रेन प्लग दोन, एक टाकीचा आणि एक इंजिनाचा. प्लगच्या आतल्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर करडी, लोण्यासारखी मऊ पूड दिसली तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारी लोखंडाची कुसळं लागली तर आत काहीतरी फुटतंय. जुन्या इंजिनांत खाली आठ नटांवर बसवलेली गोल पत्र्याची झाकणी असते, ती काढली की एक जाळी हाती येते. तिच्यावर प्लास्टिकचे काळे तुकडे अडकलेले असतील, तर टायमिंग चेनच्या मार्गदर्शक पट्ट्या झिजल्या आहेत. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबं उघडं पडलंय. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडला की उरलेलं चित्र पुरं होतं. मग नवे वॉशर, नवा फिल्टर, आणि आधी आठेक लिटर ऑइल भरून इंजिन सुरू करायचं. ते पुन्हा गरम झालं की सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवूनच, दांडीनं पातळी पाहत बाकीचं थोडं थोडं घालायचं. बंद इंजिनावर मोजलं तर आकडा फसवतो. या सगळ्यात नवं ऑइल ओतायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो जुनं काय सांगतंय ते वाचण्यात.

मग बचतीची समजूत आली कुठून? ती 1970 च्या दशकातली. 1954 मध्ये हातानं फिरवून बसवता येणारा स्पिन-ऑन फिल्टर आला होता, त्यामुळे काम सोपं झालंच होतं. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ग्राहकानं स्वतःच पेट्रोल भरून घेण्याचे पंप झपाट्यानं वाढले. काच पुसून ऑइल पाहून देणारा माणूस नाहीसा झाला आणि ऑइल मोठ्या दुकानांत स्वस्तात मिळू लागलं. मजुरी वाचवायला लाखो लोक स्वतः ऑइल बदलू लागले. त्याच दशकात झटपट ऑइल बदलून देणारी दुकानंही निघाली, आणि पैसे वाचवणारा ग्राहक पुढं हळूहळू तिकडे वळला. 1974 मध्ये मोबिल 1 सारखं सिंथेटिक ऑइल अमेरिकेत बाजारात आलं आणि ऑइल बदलण्याच्या मुदतीही लांबत गेल्या. स्वतः ऑइल बदलण्याचं कारण फक्त बचत असतं, तर रीत तिथंच संपली असती. स्पोर्ट्स कारवाल्यांत ती संपली नाही, ही गोष्ट माझ्या दृष्टीनं निर्णायक आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की आजच्या गाडीत संगणक आहे, ऑइलची पातळी आणि तापमान तो मोजतो, कधी बदलायचं तेही सांगतो. नव्या पोर्शमधून तर दांडीच गेली आहे. हा आक्षेप हलका नाही. मुदत ठरवण्याच्या बाबतीत संगणक माणसापेक्षा सरस आहे, आणि तीन हजार मैलांनी ऑइल बदललंच पाहिजे हा जुना हट्ट आता निराधार आहे. पण संगणक पातळी, उष्णता आणि वापर यांवरून अंदाज बांधतो, धातूचा कण त्याला दिसत नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या, पाण्यावर थंड होणाऱ्या पोर्श इंजिनांत इंटरमीजिएट शाफ्टचं बेअरिंग निकामी होण्याचा दोष गाजला. अमेरिकेत त्यावर सामूहिक दावा झाला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. डॅशबोर्डवर कसलाही दिवा लागण्याआधी फिल्टरच्या घड्यांत चमकणारे कण, हीच त्या दोषाची मालकाला मिळू शकणारी पूर्वसूचना होती. विमानाकडे पाहा. तिथं कुठल्याही गाडीपेक्षा कडक नियम आहेत, तरीही अमेरिकी नियमांनुसार खासगी विमानाचा परवानाधारक मालक ऑइलचा फिल्टर स्वतः बदलू शकतो, आणि काढलेला फिल्टर कापून पाहणं ही तिथली रुळलेली पद्धत आहे. 1940 च्या दशकात अमेरिकी रेल्वेनं डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या ऑइलमधले धातू प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली, तीही बिघाड आधी कळावा म्हणूनच.

दुसरा आक्षेप वॉरंटीचा. स्वतः हात लावला तर कंपनी जबाबदारी झटकेल, ही भीती जगभर आहे. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानं ठरवलं, की आपलेच सुटे भाग किंवा आपलीच सेवा विकत घेण्याची अट कंपनी वॉरंटीला जोडू शकत नाही. ती वस्तू फुकट दिली किंवा खास परवानगी मिळवली तरच. भारतात असा नेमका कायदा नसला, तरी भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना न देणं, बाहेर काम केल्यास वॉरंटी रद्द करणं, या वर्तनावर त्यात ताशेरे होते. दंडाच्या रकमेवर पुढं अपिलं झाली, पण तत्त्व नोंदलं गेलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यामागची दिशाही हीच. अर्थात हक्काबरोबर शिस्त आली. कंपनीनं सांगितलेल्या मानकाचंच ऑइल, त्याची पावती, तारीख आणि किलोमीटर, एवढं लिहून ठेवलेलं नसेल तर वाद झाल्यावर मालकाची बाजू लंगडी पडते, आणि ते योग्यच आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो पुरता खोडता येत नाही. जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणं जिवावर बेतू शकतं. मजबूत स्टँड लावले नसतील तर गाडीखाली जाऊच नये, मग प्लगवर काहीही दिसणार असो. आणि काढलेल्या ऑइलचं काय? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा इशारा आहे, की एका वेळच्या वापरलेल्या ऑइलनं दहा लाख गॅलन गोडं पाणी नासू शकतं. आपल्याकडे जळकं ऑइल बांधकामाच्या सेंटरिंग प्लेटांना फासतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावतात, उरलेलं गटारात जातं. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. ज्याच्याकडे ते योग्य ठिकाणी पोचवण्याची सोय नाही, त्यानं हे काम स्वतः करू नये, असं मी स्पष्ट म्हणेन. त्यानं चांगल्या गॅरेजात समोर उभं राहून काम करून घ्यावं, मेकॅनिककडून ड्रेन प्लग मागून पाहावा, फिल्टर कापून दाखवायला सांगावा. आणि ज्याच्याकडे पक्की फरशी, स्टँड आणि वेळ आहे, त्यानं हे काम जरूर स्वतः करावं, आणि काढलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडे किंवा ते तिथं पाठवणाऱ्या गॅरेजकडेच द्यावं.